बागेतल्या फुलांची तारीख

अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन हिने शाळकरी वयात केलेली वाळवलेल्या फुलांची वही हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. ६६ पाने, चारशेहून अधिक वनस्पती. अ‍ॅमहर्स्टच्या घराची बाग आणि आसपासची राने हिंडून तिने त्या जमवल्या. पहिल्याच पानावर जाईच्या कुळातली फांदी आहे. चिठ्ठ्यांवर लॅटिन नावे आणि लिनियसच्या वर्गीकरणाचे आकडे आहेत. मांडणी तर अशी, की पान उलटवत नाही. मात्र कोणते फूल कधी आणि कुठे तोडले, हे तिथे सापडत नाही.

ही उणीव किती मोठी, ते बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात कळते. तिथल्या प्रत्येक झाडाची नोंद असते, आणि त्याच झाडांच्या पूर्वी कधीतरी दाबून ठेवलेल्या फुलोऱ्यांवर तारखा आहेत. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड प्रायमॅक आणि सहकाऱ्यांनी त्या तारखा आजच्या बहराशी ताडून पाहिल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १९८० ते २००२ या काळात झाडे १९०० ते १९२० च्या तुलनेत सरासरी आठ दिवस आधी फुलत होती. हवा तापल्याचा हा पुरावा होता. नमुने गोळा करणाऱ्यांच्या मनात तेव्हा हवामानाचा विचारही नव्हता. त्यांनी फक्त तारीख लिहिली होती.

घरच्या बागेचे मोल इथे आहे. रानातून आणलेल्या फांदीचे मूळ झाड पुन्हा सापडेलच असे नाही. अंगणातला पारिजातक किंवा परसातला आंबा मात्र वर्षानुवर्षे तिथेच असतो. तरीही संग्रह करायचा म्हटले की जो तो डोंगराकडे धावतो, आणि जास्वंद-सदाफुलीला ‘त्यात काय विशेष’ म्हणून बाजूला सारतो. कॉलेजच्या संग्रहांची गत तर आणखी वाईट: गुण मिळाले की गठ्ठा रद्दीत.

घरच्या झाडांनाही कसब लागतेच. जास्वंदीची पाकळी चिकट असते. वर्तमानपत्राला एकदा धरली की सोडवताना फाटते. म्हणून मध्ये बटर पेपर घालावा. पानफुटी तर दाबाखालीही मरत नाही, पानाच्या खाचांतून नवी रोपे फुटू लागतात! ती आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून घ्यावी लागते. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरलीच. वाळल्यावर मोगरा तपकिरी पडतो, वास जातो, म्हणून रंग आणि गंध ताज्या फुलाकडे पाहूनच टिपायचे.

चिठ्ठीवर तारीख आणि पत्ता हवाच, पण बागेतल्या झाडाचे तेवढ्यावर भागत नाही. मोगरा कुंडीत आहे की जमिनीत, पाणी किती दिवसांनी मिळते, छाटणी कधी झाली, हेही लिहायला हवे. छाटणी आणि पाणी यांनी मोगऱ्याचा बहर मागेपुढे होतो. या नोंदी नसतील, तर एखाद्या वर्षी लवकर आलेली फुले उन्हाने आणली की माळ्याच्या कात्रीने, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.