वार्धक्यातील ममता

कोरेगावच्या मामलेदार कचेरीत खातेफोडीचा अर्ज घेऊन येणारा वृद्ध खातेदार सातबाऱ्यावरील आपले नाव कमी करून जमीन मुलांच्या नावे लावून देतो, तेव्हा हे वानप्रस्थाचेच दफ्तरी रूप होय असे पाहणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दफ्तरातून नाव गेल्याने मनातील ममता जाते काय, याविषयी शास्त्रकारांनी आज्ञा केली, निरीक्षण केले नाही.

ते निरीक्षण स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी केले. विशीच्या उंबरठ्यावर मोटार अपघातात जायबंदी होऊन त्या कित्येक महिने रुग्णालयात वृद्ध स्त्रियांच्या शेजारी पडून होत्या, आणि वडिलांनी मानसशास्त्राची व्याख्याने ध्वनिमुद्रित करून आणून दिली, ती त्यांनी त्या खाटेवरच ऐकली. वृद्ध मनुष्य मरणापूर्वी समाजातून क्रमाक्रमाने निवृत्त होतो, हे कमिंग व हेन्री यांनी १९६१ साली मांडलेले मत होते. कार्स्टेन्सन यांना निराळेच आढळले: तो ओळखीपाळखीची माणसे सोडतो, जिवलग मात्र अधिकच घट्ट धरतो, आणि याचे मूळ वयापेक्षा उरलेल्या काळाच्या जाणिवेत आहे. १९९७ चे सत्तांतर जवळ येताच हाँगकाँगमधील तरुणांनीही वृद्धांप्रमाणे निकटच्यांचीच संगत पसंत केली. उलट, वैद्यकाच्या नव्या शोधाने आयुष्य २० वर्षांनी वाढले अशी कल्पना करावयास सांगताच वृद्धांची ती ओढ ओसरली.

येथे आश्रमव्यवस्थेची मोठी अडचण होते. सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवंड दिसताच गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनू सांगतो. म्हणजे मन घरातल्या माणसांत सर्वाधिक गुंतते, नेमके तेव्हाच त्यांना सोडावयाचे! आपोआप घडणाऱ्या गोष्टीसाठी कोणी विधी लिहीत नाही. केसांबरोबर वैराग्यही पिकत असते, तर मनूला त्या श्लोकाचे प्रयोजनच उरले नसते. आणि परंपरेप्रमाणे लग्नमंडपातून निघून गेलेल्या समर्थ रामदासांचे वैराग्य तर वयाचे मुळीच ऋणी नव्हते.

मला वारकऱ्यांची तोड अधिक समंजस वाटते: प्रपंच टाकावयाचा नाही, उरलेल्या थोडक्या जिवलगांतच पांडुरंगाची गणना करावयाची. मात्र जिवलग निवडण्यासाठी तो हाताशी असावा लागतो. सातारा जिल्ह्यातील कित्येक घरांतले कर्ते पुरुष मुंबईत माथाडीचे काम करून पोट भरीत आले, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्याने ज्यांना सोडावयाचे, तेच त्याला आधी सोडून गेले. त्याच्या या एकांतासही वानप्रस्थ म्हणणारे कीर्तनकार मी ऐकले आहेत. त्यांचे मुलगे बहुधा घरीच राहत असावेत.