ठाऊक करून घेण्याचे कर्तव्य

ज्या माणसाला काही होत नाही, जो नीट जेवतो, नीट झोपतो, कामावर जातो आणि शब्बाथला सिनेगॉगमध्ये वेळेवर हजर असतो, त्याला ‘रक्त तपासून घ्या’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? आणि त्याने ‘नको’ म्हटले, तर तो केवळ स्वतःपुरता निर्णय घेत आहे असे मानावे काय? वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे, आणि आपल्या समाजाच्या प्रत्येक घरात तो आज ना उद्या येणारा आहे.

दक्षिणेकडील एका गावातील कुपात होलीममध्ये मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले. मराठी बोलणारी सिस्टर म्हणून आपली मंडळी माझ्याशी मोकळेपणाने बोलत. साखरेच्या तपासणीचे नाव काढले की वयस्कर गृहस्थांकडून एक उत्तर हमखास येई: “बाई, शोधायला गेलं की सापडतं. न शोधलेलंच बरं.” हे उत्तर अडाणीपणाचे आहे असे पुष्कळजण म्हणतील. मला तसे वाटत नाही. त्यात एक विचार आहे, आणि विचाराला विचारानेच उत्तर दिले पाहिजे.

प्रथम रोगाचा स्वभाव पाहू. ताप आला तर अंग तापते, दात किडला तर ठणकतो. पण मधुमेह, ज्याला इथे आपण सुकेरेत म्हणतो, तो प्रौढ वयात येणारा असला तर वर्षानुवर्षे तोंड उघडत नाही. शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देईनासे होते, मग इन्शुलिनही अपुरे पडू लागते, आणि रक्तातील साखर हळूहळू चढते. वारंवार तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांचे मज्जातंतू यांवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही त्याची भावंडे. तीही अशीच मुकी, आणि बहुधा एकमेकांच्या सोबतीने येणारी. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या २०२५ च्या अंदाजाप्रमाणे जगात ५८ कोटी ९० लाख प्रौढांना मधुमेह आहे, आणि त्यांपैकी दर दहांत चारांहून अधिक जणांना त्याचा पत्ताच नाही. म्हणजे ‘मला काही होत नाही’ हे वाक्य खरे असू शकते, पण तो पुरावा नव्हे.

आता कोणी विचारील, हे आपल्याच लोकांना का सांगावे? त्याला कारण आहे. आपले रांबाम, म्हणजे मोशे बेन मैमोन, हे थोर धर्मशास्त्री होते तसेच वैद्यही होते. आपल्या वैद्यकीय सूत्रांच्या ग्रंथात ते नोंदवतात की, गॅलेनसारख्या वैद्याला हा रोग दोनच वेळा दिसला. त्यांना स्वतःलाही पश्चिमेच्या देशांत तो दिसला नव्हता. परंतु इजिप्तमध्ये आल्यावर सुमारे दहा वर्षांत वीसहून अधिक रोगी त्यांनी पाहिले. त्यांनी दिलेले कारण आज टिकत नाही. पण देश बदलला की रोगाचे प्रमाण बदलते, हे आठशे वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

हीच गोष्ट इस्राएलमध्ये पुन्हा दिसली. जेरुसलेमचे प्रा. ए. एम. कोहेन यांनी येमेनहून आलेल्या आपल्या बांधवांची तपासणी केली आणि १९६१ साली ती प्रसिद्ध केली. नुकत्याच आलेल्यांत मधुमेह जवळजवळ नव्हता, दहा हजारांत सुमारे सहा. पण ज्यांना येऊन पंचवीस वर्षे वा अधिक झाली होती, त्यांच्यात तो शेकडा २.९ इतका आढळला. वंश तोच, प्रार्थना तीच. बदलले होते ते जेवण आणि राहणी. येमेनमध्ये ज्यांच्या घरी साखर जवळजवळ नव्हती, त्यांच्या चहात ती इथे आली होती.

आपले तर दुहेरी आहे. आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात. घाण्यावर उभे राहणे, डोक्यावर ओझे घेऊन अलिबाग-रेवदंड्याच्या वाटा तुडवणे, हे त्यांचे रोजचे जीवन. त्यांच्या नातवंडांनी मुंबईत कारकुनी केली, आणि त्यांची नातवंडे आज इथे गाडीतून कामावर जाऊन संगणकापुढे बसतात. भाताचे ताट मात्र तेवढेच राहिले. शिवाय हिंदुस्थानी शरीराची एक ठेवण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला. ही बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून मेदाचे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली सुचवले की आशियाई लोकांत उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा (बी. एम. आय.) काढतात, तो २३ झाला की सावध व्हावे, इतरांसाठी ही मर्यादा २५ आहे. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांपैकी शेकडा ११.४ जणांना मधुमेह आणि आणखी १५.३ जणांना त्याची पूर्वावस्था आढळली. ‘आमच्याकडे कोणी जाड नाही’ हे आपल्या घरांतले समाधान म्हणूनच पुरेसे नाही.

एवढे सांगूनही ‘न शोधलेलं बरं’ म्हणणाऱ्याची बाजू संपत नाही. ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एक, शरीर माझे आहे, त्याविषयी काय जाणून घ्यायचे हे मी ठरवीन. दोन, ज्या दिवशी चिठ्ठीवर तो शब्द लिहिला जातो, त्या दिवसापासून धडधाकट माणूस रोगी होतो. घरातले त्याच्या ताटाकडे पाहू लागतात, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात ‘त्यांच्या घरात साखर आहे’ असे कुजबुजले जाते. तीन, तपासून खरोखरच फायदा होतो काय? या तिसऱ्या शंकेला आधारही आहे. इंग्लंडमध्ये चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या, मधुमेहाचा धोका अधिक असलेल्या सुमारे वीस हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१२ साली आला. ज्यांना तपासणीचे बोलावणे गेले आणि ज्यांना गेले नाही, त्यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात सुमारे दहा वर्षांनंतर फरक आढळला नाही. तपासणी म्हणजे संजीवनी, असे जो सांगतो तो खरे सांगत नाही.

मग मी तपासणीच्या बाजूने का?

कारण नुसती सुई काही बदलत नाही, सुईनंतर जे केले जाते ते बदलते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पूर्वावस्थेतील ज्या लोकांनी वजन शेकडा सातने उतरवण्याचा आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचा नेम धरला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा ५८ ने घटले. भारतात २००६ साली अशाच प्रयोगात ते शेकडा २८ ने घटले. ज्यांना रोग जडलाच आहे त्यांच्याविषयी ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासाने १९९८ साली दाखवले की साखर काटेकोर ठेवल्याने डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण शेकडा २५ ने कमी होते. आयुष्य किती वाढले हा एक हिशोब आहे. ते डोळ्यांनी पाहत आणि पायांनी चालत गेले काय, हा दुसरा हिशोब आहे, आणि घरच्यांना तो अधिक कळतो.

इथेच ‘शरीर माझे आहे’ या म्हणण्याला मी अडखळते. मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी सुमारे चार तास, डायलिसिस. तिथे नेते कोण? रात्री पायाची जखम धुते कोण? दृष्टी गेलेल्या माणसाला औषधाच्या गोळ्या मोजून देते कोण? बायको, मुलगी, सून. बहुतेक वेळा स्वतःची नोकरी सांभाळून. ज्याने ‘न शोधलेलं बरं’ म्हटले त्याने निर्णय एकट्याने घेतला, पण त्याची किंमत एकट्याने भरली नाही. अज्ञान हा दोष नव्हे. येमेनहून आलेल्या त्या बांधवांना काय ठाऊक होते? पण आज, कुपात होलीम हाकेच्या अंतरावर असताना आणि १९९५ पासून कायद्याने प्रत्येक रहिवाशाला विमा असताना, जाणूनबुजून अज्ञानात राहणे ही निवड आहे. निवड म्हटली की तिचा जाब आपल्या माणसांना देणे आलेच. रांबामही शरीर निरोगी राखणे ही केवळ सोय मानत नाहीत. परमेश्वराच्या मार्गाने चालणाऱ्याचे ते कर्तव्य आहे, असे त्यांचे सांगणे आहे.

मात्र हे कर्तव्य एकतर्फी नाही. तपासणाऱ्यावरही ऋण चढते. ज्याच्या हाती आकडा दिला त्याला आहार समजावून सांगणे, त्याचे डोळे व पाय दरवर्षी पाहिले जातील हे बघणे, वृद्धाला हिब्रू नीट येत नसेल तर मराठीत बसून बोलणे, हे होणार नसेल तर रक्त काढून त्याला भीती तेवढी दिली, असे होईल. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली तपासणीची जी तत्त्वे मांडली, त्यांतही हेच आहे: पुढे उपचाराची सोय असेल तरच शोधा.

घरच्यांवरही ऋण चढते. एकाच्या ताटावर पहारा ठेवून बाकीच्यांनी ओरपणे हा अन्याय आहे. रोश हशानाचा हलवा सर्वांसाठीच लहान वडीचा करावा. मलिद्यात साखर हात राखून घालावी, एलियाहू हन्नाबीच्या स्मरणात त्याने काही उणे पडत नाही. जेवणानंतर नवऱ्याला ‘तुम्ही चालून या’ म्हणण्यापेक्षा ‘चला, दोघे जाऊ’ म्हणावे. आणि समाजावर सर्वांत मोठे ऋण हे की रोगाला लाज चिकटवू नये. आपले शरीर आपल्याला पूर्वजांकडून आले आणि राहणी काळाने बदलली. यात पाप कोणाचे? जोवर ‘त्यांच्या घरात साखर आहे’ असे आपण दबक्या आवाजात बोलतो, तोवर लोक शोधायला घाबरणारच, आणि त्या भीतीचे वाटेकरी आपणही असू.

वयाचाही विचार हवा. पंच्याऐंशी वर्षांच्या आजीने ‘आता मला टोचू नका’ म्हटले, आणि तपासूनही तिच्या दिनक्रमात काही बदलायचे नसेल, तर तिचा शब्द मानावा. कर्तव्याचा भार तिच्यावर नाही. तो तीस-पस्तिशी ओलांडलेल्या तिच्या नातवांवर आहे. आणि कळल्यानंतरही काय करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य ज्याचे त्याचेच राहते. मी मागते आहे ते डोळे उघडे ठेवून ठरवणे, एवढेच.

आता व्यवहाराचे चार शब्द. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन २०२२ पासून पस्तिशीपासून सर्वांच्या तपासणीची शिफारस करते. आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, गरोदरपणी साखर वाढली असेल, किंवा कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरवर गेला असेल, तर आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असावी. १०० ते १२५ ही पूर्वावस्था समजतात, आणि १२६ वा अधिक दोनदा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारे हेमोग्लोबिन मेसुकरार ६.५ वा त्याहून अधिक आले तरी तेच. रक्तदाब त्याच वेळी मोजून घ्यावा. ज्यांचे औषध किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी योम किप्पूरच्या उपासाविषयी काही दिवस आधी डॉक्टर आणि राब्बी या दोघांशी बोलावे. जिवाला धोका असेल तिथे न उपासणे हाच आपला धर्म आहे; तिथे हट्टाने उपाशी राहण्यात पुण्य नाही.

सणांपूर्वी आपण घर झाडतो, देणी फेडतो, दुखावलेल्यांची क्षमा मागतो. त्याच यादीत, वाचकहो, या वर्षी एक सकाळ रक्त तपासणीसाठी राखून ठेवावी. शक्य तर एकट्याने जाऊ नये. पतीने पत्नीला, भावाने भावाला, मुलीने आईला बरोबर घेऊन जावे आणि दोघांनीही रक्त द्यावे. चिठ्ठीवर काय येईल ते येवो, ते घरात मोठ्याने वाचले जाईल अशी आपली घरे असावीत.