उसना ताप

डिसेंबर 2024च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. वाघ चंद्रपूरकडून आणलेले होते, माणसांशी संघर्ष वाढला म्हणून पकडलेले. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने गेले आणि निदान आलं एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लू. संशय गेला तो त्यांना खायला घातलेल्या मांसावर. माणसाच्या वाटेला गेला म्हणून ज्या वाघाला माणसाने पिंजऱ्यात आणलं, तो तिथे बहुधा माणसाच्याच बाजारातून आलेल्या रोगाने गेला. बातम्यांत मात्र दोष पडला पक्ष्याच्या नावावर. त्याच नागपुरात दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर 2022मध्ये, 'वन हेल्थ'च्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली होती. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य वेगळं काढता येत नाही, ही त्या संस्थेमागची कल्पना.

रोगाला नाव देताना आपण आरोपीही ठरवून टाकतो. बर्ड फ्लू, स्वाइन फ्लू. आपल्या पणज्यांनी 1918च्या तापाला 'मानमोडी' म्हटलं, ते ज्याला झाला त्याच्या हालांवरून. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेणारी ती साथ मुंबई बंदरातून आत शिरली. पण तिच्या मराठी नावात कुणा प्राण्यावर ठपका नाही.

त्याच साली अमेरिकेत आयोवातल्या डुकरांनाही ताप, खोकला सुरू झाला. कोएन नावाचा पशुवैद्य सांगू लागला, की माणसांना झालंय तेच डुकरांना झालंय. डुकराच्या मांसाचे भाव पडतील म्हणून व्यापारी त्याच्यावर उखडले. आज बऱ्याच अभ्यासकांचा कल असा, की तेव्हा तो विषाणू माणसाकडून डुकराकडे गेला. 2009च्या स्वाइन फ्लूचा विषाणू उलट दिशेने, डुकराकडून माणसाकडे आला, आणि काही आठवड्यांतच कॅनडातल्या डुकरांच्या एका फार्मवर तो माणसाकडूनच पोहोचल्याचा संशय आला. त्यानंतर जगभरच्या फार्मांतून हे कितीदा तरी घडलं. जनुकीय वंशावळी तपासणाऱ्यांना डुकराकडून माणसाकडे येण्यापेक्षा माणसाकडून डुकराकडे जाणंच जास्त वेळा दिसतं. शेजारी वाटीभर साखर उसनी द्यावी-घ्यावी, तशी ही देवघेव आहे. फरक एवढाच, की आपण दिलेलं आपल्या लक्षात राहत नाही.

ऑगस्ट 2009मध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला, देशातला पहिला. शाळा, नाट्यगृहं, मॉल बंद. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलच्या अखेरीसच 'स्वाइन' हा शब्द सोडला होता. आपण तो आजही सोडलेला नाही. पण नावाचा खरा दंड भरला कैरोने. इजिप्तमध्ये तेव्हा एकही रुग्ण नव्हता, तरी सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारायचं ठरवलं. ती डुकरं पाळणारे होते झब्बालीन, म्हणजे शहराचा कचरा दारोदार गोळा करणारे, बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती गरीब लोक. ओला कचरा त्यांची डुकरं खात. डुकरं गेल्यावर कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. साथ अर्थातच अडली नाही.

आता बर्ड फ्लूतला 'बर्ड' नेमका कोण, हेही पाहायला हवं. इन्फ्लुएन्झाच्या बहुतेक सगळ्या जाती मुळात रानबदकांच्या आतड्यात राहतात. तिथे त्या फारसा त्रास देत नाहीत. विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्या बदकात. मेलेलं बदक उडत नाही, तेव्हा यजमानाला मारण्यात विषाणूचा काही फायदा नसतो. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन चिरलं गेल्याशिवाय त्याला पेशीत बस्तान बसवता येत नाही, आणि ते चिरणारी कात्री पक्ष्याच्या आतड्यात आणि श्वासमार्गातच असते. म्हणून आजार तेवढ्यापुरता राहतो. पण एच5 किंवा एच7 जातीचा विषाणू कोंबड्यांत शिरून फिरत राहिला, की कधीकधी त्या प्रथिनात असा बदल होतो, की शरीरभर कुठल्याही पेशीतली कात्री त्याला चालते. मग मेंदू, हृदय, यकृत, काहीच सुटत नाही. हजारो कोंबड्या पंखाला पंख लावून उभ्या असलेल्या शेडमध्ये यजमान मेला तरी विषाणूचं अडत नाही. पुढची कोंबडी वीतभर अंतरावर असते, आणि सगळ्या एकाच वाणाच्या. जगातल्या पक्ष्यांचं एकूण वजन काढलं, तर त्यातला सुमारे 70 टक्के वाटा पाळीव कोंबड्या-बदकांचा आहे, असा 2018चा एक हिशोब सांगतो. रानपक्षी उरलेल्या तीस टक्क्यांत.

आजच्या एच5एन1चं कूळ 1996मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या एका हंसात सापडलं. रानातला नव्हे, पाळलेला हंस. पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये 18 माणसांना लागण झाली, सहा दगावली. 2005मध्ये चीनच्या छिंगहाई सरोवरावर सहा हजारांहून जास्त रानपक्षी मेले. त्यांत हिमालय ओलांडणारे पट्टकादंब बरेच होते. हेच पक्षी हिवाळ्यात आपल्या जायकवाडीवर उतरतात आणि आपण दुर्बिणी घेऊन जातो. शेडमध्ये घडलेला विषाणू असा रानाला परत मिळाला, जहाल होऊन. 2023मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची सुमारे 17,000 पिल्लं त्याने मारली, त्या हंगामात जन्मलेल्यांपैकी 95 टक्क्यांहून अधिक. पुढच्या वर्षी तो अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आणि टेक्सासच्या गाईंच्या सडांत होता. ते कच्चं दूध प्यालेली गोठ्यातली मांजरं मेली. दूध उकळून साय धरू देण्याची आपली सवय इथे कामाची ठरते, पण ती आपण विषाणूचा विचार करून लावलेली नाही.

यावर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: निसर्ग सूड घेतोय. करोनाच्या वेळी ते फार ऐकलं. मला ते विनयाचं वाटत नाही. 'आपण सृष्टीचे मालक' म्हणणारा आणि 'सृष्टी आपल्यावर रागावली' म्हणणारा, दोघांच्याही गोष्टीत नायक माणूसच असतो. विषाणूला राग नाही. वाल्देसच्या पिल्लांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? सूडाची भाषा एक सोयही करून देते: नियतीच्या खात्यावर टाकलं, की शेडमध्ये किती पक्षी ठेवायचे, जिवंत पक्ष्यांचे ट्रक कुठून कुठे जातात, लस द्यायची की नाही, असले कंटाळवाणे प्रश्न विचारावे लागत नाहीत. फ्रान्सने 2023पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली, आणि निर्यात बंद पडण्याच्या भीतीने इतर देश कचरले. ही चर्चा व्यापाराची आहे, नियतीची नाही.

आपल्याकडे या सगळ्याचा खर्च कोण भरतं, ते नवापुरात दिसलं. नंदुरबार जिल्ह्यातलं हे गाव, ज्याच्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. फेब्रुवारी 2006मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्री फार्मांत निघाला. पांढऱ्या पोशाखातली पथकं आली, लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. नकाशावर आखलेल्या वर्तुळात आदिवासी पाड्यांच्या अंगणातल्या गावठी कोंबड्याही आल्या. त्या कोंबड्या म्हणजे पाहुण्यासाठी, देवासाठी, दवाखान्याच्या खर्चासाठी राखलेली पुंजी. नवापुरात एकाही माणसाला लागण झाली नाही. तरी शहरांत चिकन खाणं थांबलं, भाव कोसळले, आणि मग लोकांची भीती घालवायला व्यवसायातल्या मंडळींनी जाहीर चिकन मेळावे भरवले. शेड धुतल्या, पुन्हा भरल्या.

फेब्रुवारी 2021मध्ये पथकं परत नवापुरात आली. तेच फार्म, तेच खड्डे, तोच पांढरा पोशाख.