साथीदारांची मैफल

पियानो, डबल बेस आणि ड्रम्स ही तीन वाद्ये एकत्र आली की जॅझची पियानो त्रयी होते. एरवी जॅझच्या ताफ्यात हीच तीन वाद्ये मागे बसलेली असतात. पुढे ट्रम्पेट असतो, सॅक्सोफोन असतो, कधी गायिका असते. मागच्या तिघांनी लय धरून ठेवायची आणि पुढच्यांच्या सुरांखाली आधार घालायचा. पुढची माणसे मंचावरून उतरली आणि साथीदारच उरले, तर जे संगीत होईल ते त्रयीचे संगीत. या रचनेत मुख्य कलावंताची जागा मुळातच रिकामी आहे. पियानोवादकाचे नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत असते हे खरे. पण उत्तम त्रयी ऐकताना काही मिनिटांतच त्या नावाचा विसर पडतो. त्रयी काळजाला का भिडते, याचे उत्तर त्या रिकाम्या जागेत शोधावे लागते.

साथीची थोरवी मराठी रसिकाला नवी नाही. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे तिच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असे उस्ताद बसले, आणि ऑर्गनचा भरदार सूर ही तर त्या रंगभूमीची ओळखच झाली. प्रेक्षकांचे डोळे बालगंधर्वांवर खिळलेले असत, पण जाणत्याचा कान साथीकडे असे. गाणारा श्वास घेतो तेव्हा सारंगी काय करते, पद समेवर येताना तबला किती बोलतो आणि कुठे गप्प राहतो, यावर रात्री घरी जाताना चर्चा होत. त्या साथीतून गाणारा वजा केला, तर उरलेल्यांना धरायला एकमेकांखेरीज कुणी उरणार नाही. जॅझच्या त्रयीने नेमकी हीच जोखीम पत्करली आहे.

पियानो हिंदुस्थानी कानाला प्रथम अपुरा वाटतो, आणि ती तक्रार रास्त आहे. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले तेव्हापासून त्याची रीत तीच आहे: पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच सुटते. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीचा स्वर ठरलेला असतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला वाट नाही, म्हणजे मींड नाही. उमटलेला स्वर फुगवता येत नाही. जन्मल्या क्षणापासून तो विझू लागतो. मींडेवर वाढलेल्या श्रोत्याला अशा वाद्यातून जिव्हाळा कसा निघणार, असा प्रश्न पडणारच.

जॅझच्या वादकांनी या उणिवेवर तोड काढली. ब्लूज गाणाऱ्याच्या गळ्यात कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी राहणारा एक स्वर असतो. तो पियानोत नाही. म्हणून वादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो, किंवा एकीवरून दुसरीवर बोट निसटू देतो. हवा तो स्वर प्रत्यक्षात वाजत नाही, तरी ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो. पियानोवादक थेलोनियस मंकच्या वादनात हे घासलेले, टोचणारे स्वर पावलोपावली भेटतात. उरलेली उणीव त्रयीतला दुसरा साथीदार भरून काढतो. डबल बेसला पडदे नसतात. तारेवरून बोट सरकले की मींड आपोआप येते, आणि तीही खर्जात. तिसऱ्याच्या हाती कधी काठ्या असतात, कधी तारांचे ब्रश. ब्रश ड्रमच्या कातड्यावर गोल फिरू लागला की ठोका असा राहतच नाही, नुसती सळसळ उरते, आणि तिच्यातूनच लय चालू असते. एक वाद्य विझणारे, एक सरकणारे, एक सळसळणारे. या तिघांत ज्याच्याकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे.

आता बांधणीविषयी. जॅझमधली बरीचशी गाणी ३२ मात्राखंडांच्या साच्यातली असतात, ब्लूज १२ खंडांचा. तो साचा पुन्हा पुन्हा फिरतो, म्हणून आपल्या आवर्तनाशी त्याची तुलना करता येते. फरक मात्र मोठा आहे. तबल्याच्या एकलवादनात पेटी किंवा सारंगी लेहरा धरून राहते. एक स्थिर असतो म्हणून दुसरा मोकळा सुटतो. ख्यालात ठेका स्थिर आणि गाणारा मोकळा. चांगल्या त्रयीत एखाद्या क्षणी तिघेही मोकळे असतात. ठेका कुणीच स्पष्ट देत नाही, मूळ धून कुणीच वाजवत नाही, आणि तरी तिघांच्या मनात आवर्तन चालू असते. ते पुन्हा एका जागी येऊन मिळतात तेव्हा श्रोत्याच्या छातीतले काहीतरी सैल होते. समेवर आपोआप हलणाऱ्या मानेला हा अनुभव ओळखीचा आहे. इथे ती सम आधी जास्त वेळ लपवून ठेवलेली असते, इतकेच.

अपेक्षेचा आणि भावनेचा हा संबंध अभ्यासकांनीही मांडला आहे. लेनर्ड मायर या अमेरिकन संगीतचिंतकाने १९५६ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की संगीत आधी अपेक्षा जागवते, मग ती लांबवते किंवा चुकवते, आणि भावना त्या ताणातून निर्माण होते. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवून दिले की आवडत्या संगीताने अंगावर शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन स्रवते, आणि शहाऱ्याच्या आधीच्या वाट पाहण्यातही ते, मेंदूच्या वेगळ्या भागात, स्रवते. त्याआधी २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून वाजवायला लावले. उत्स्फूर्त वादनाच्या वेळी स्वतःवर देखरेख ठेवणारा मेंदूचा भाग शांत झालेला आढळला. हे प्रयोग मोलाचे आहेत, पण यंत्रात प्रत्येक वादक एकटा होता. त्रयीचा खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो: स्वतःवरचा पहारा सोडलेली तीन माणसे एकमेकांना सांभाळून कशी घेतात?

हे सांभाळणे कोकणातल्या भजनात रोजचे आहे. रोह्याला लागून असलेल्या वरशात काय किंवा पेणच्या एखाद्या वाडीत काय, रात्री भजन रंगात येते तेव्हा पखवाजवाल्याची नजर बुवांच्या चेहऱ्यावर असते आणि गजर कधी चढवायचा हे कुणी कुणाला सांगत नाही. त्रयीतले तिघे असेच एकमेकांकडे पाहत असतात. फक्त तिथे बुवा दर काही क्षणांनी बदलतो.

त्रयी पहिल्यापासून अशी नव्हती. नॅट किंग कोलने १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला जमवलेल्या त्रयीत ड्रम्सच्या जागी गिटार होती, आणि १९४३ च्या आर्ट टेटमच्या त्रयीतही तेच. १९४७ मध्ये बड पॉवेलने कर्ली रसेल आणि मॅक्स रोच यांच्यासह ध्वनिमुद्रण केले तेव्हा पियानो, बेस, ड्रम्स हा साचा ठळक झाला. मात्र तोवर पियानो बोलत होता आणि बाकीचे हुंकार देत होते.

बदल घडवला तो दोन पियानोवादकांनी, दोन वेगळ्या मार्गांनी. अहमद जमालची वाट मौनाची होती. १६ जानेवारी १९५८ रोजी शिकागोतल्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये त्याने इझरेल क्रॉस्बी आणि व्हर्नेल फोर्निए यांच्यासह वाजवलेल्या चिजांची तबकडी विक्रीच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे टिकली. तिच्यातल्या ‘पॉइन्सियाना’मध्ये फोर्निएच्या ड्रम्सचा डोलता ठेका सतत चालू राहतो आणि जमाल दोन सूर वाजवून हात उचलतो. ज्या वादकाच्या बोटांत वाटेल तेवढे सूर होते, त्याने ते राखून ठेवले. काही समीक्षकांनी त्याला करमणूक करणारा म्हणून हिणवले. हा निवाडा साफ चुकीचा होता. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने जमालच्या मोकळ्या जागा उघडपणे नावाजल्या आणि स्वतःच्या वादनात आणल्या. सूर थांबतो तिथे ऐकणाऱ्याचे मन त्या जागेत पाऊल टाकते, आणि एकदा आत आलेले मन मग परके राहत नाही.

बिल एव्हान्सची वाट संवादाची. १९५९ मध्ये त्याला बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन मिळाले. लाफारो बेसला ठोक्याच्या चाकरीतून बाहेर घेऊन आला. पियानोचे वाक्य संपायच्या आधीच तो त्याला उत्तर देई, कधी प्रश्न विचारी, कधी वरच्या पट्टीत जाऊन गाऊ लागे. मोशन ठोके मोजून द्यायचे सोडून त्या संभाषणाला रंग देई. २५ जून १९६१ रोजी, रविवारी, न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये त्यांच्या वादनाचे दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच भाग ध्वनिमुद्रित झाले. पहिल्याच चिजेत वीज गेली आणि मुद्रण तुटले. मागे पेल्यांची किणकिण, गप्पा, कुणाचे हसणे स्पष्ट ऐकू येते. त्या गडबडीत तिघे इतक्या हळुवारपणे वाजवतात की ऐकणाऱ्याला आजही त्या टेबलांवरच्या माणसांना गप्प करावेसे वाटते. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता. एव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने जाहीर वादन केले नाही. त्या रविवारच्या मुद्रणातून निघालेली पहिली तबकडी लाफारोच्याच रचनेने सुरू होते आणि त्याच्याच रचनेने संपते.

मृत्यूची ही हकिगत माहीत असल्यामुळे ते संगीत हृदयाला भिडते, असे कुणी म्हणेल. त्यात काही अंशी तथ्य आहे. पण त्या दिवशी वाजवणाऱ्यांना पुढचे काहीच ठाऊक नव्हते, आणि आर्तता तर सुरांत आहेच. ती येते एकमेकांसाठी थांबण्यातून. एव्हान्स एक स्वरसंघ सोडून देतो, तो विझेपर्यंत लाफारो वाट पाहतो, मग खर्जात एकच स्वर ठेवतो. दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेणारी माणसे जगात थोडी, म्हणून ते घडताना ऐकले की डोळे भरतात. पुढे १९८३ पासून तीन दशके एकत्र वाजवलेल्या कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डीजॉनेट यांच्या त्रयीत हाच वारसा दिसतो.

मुंबईत जॅझ आले ते नाचाच्या दालनातून. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला, भारतात रमला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. या अमेरिकन कृष्णवर्णीयांकडून विद्या घेतली ती गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या पाठशाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली ही मुले, कोकण रेल्वे स्वप्नातही नव्हती त्या काळात, बोटीने किंवा कॅसलरॉकमार्गे रेल्वेने मुंबईला येत. अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतले सर्वांत गाजलेले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नाइटक्लबांचा धंदा मंदावला आणि यांतल्या अनेकांनी सिनेमाच्या स्टुडिओंची वाट धरली. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. बहुतेकांच्या वाट्याला एवढेही आले नाही. त्यांनी स्वरसंघ बांधले, वाद्यमेळ लिहिले, आणि तबकडीवर नाव दुसऱ्याचे छापले गेले. महाराष्ट्राने लाखो वेळा ऐकलेल्या गाण्यांतल्या या साथीदारांचे ऋण अजून नीट लिहून ठेवलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आणि १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन हे जॅझवादक अमेरिकी सरकारच्या दौऱ्यांवर भारतात आले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने रंगभवनात जॅझ यात्रा भरली, तेव्हा सॉनी रॉलिन्ससारख्या थोर वादकाला मुंबईने उघड्या आकाशाखाली ऐकले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे ते रंगभवन संगीताला मुकले. १९४१ मध्ये दार्जिलिंगला जन्मलेले पियानोवादक लुई बँक्स मुंबईत स्थिरावले. त्यांचे वडील ट्रम्पेटवादक होते, मुलगा जिनो ड्रम्स वाजवतो. स्टुडिओतली साथ आणि मंचावरचे जॅझ अशी दोन्ही आयुष्ये ते जगले.

तरीही मराठी श्रोता जॅझपासून दूर राहिला. हे संगीत हॉटेलात आणि क्लबात अडकले, तिकीट महाग, भाषा इंग्रजी. शिवाय कोकणच्या दमट हवेत लाकूड फुगते, स्वर ढळतात, त्यामुळे गावोगावी पियानो नेणे पेटी नेण्याइतके सोपे कधीच नव्हते. कानाची तयारी मात्र इथे आधीपासून आहे. ज्याला लेहरा कळतो, ज्याला तबल्याच्या साथीतला संयम कळतो, त्याला त्रयी समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या ऐकण्यात पियानोकडे लक्ष देऊ नये. फक्त बेस धरावा. दुसऱ्या वेळी ब्रशची सळसळ ऐकावी. पियानो तिसऱ्या वेळी, आणि तोही जिथे थांबतो तिथे. २००५ मध्ये व्हिलेज व्हॅनगार्डच्या त्या दिवसाचे पाचही भाग, वीज गेल्याने तुटलेल्या चिजेसह, वाजवले त्याच क्रमाने प्रसिद्ध झाले. वाचकांनी सुरुवात तिथून करावी.