तळ्यातली सून

आमच्या भागात जुने तळे किंवा बारव दिसली की तिच्याबरोबर एक गोष्टही हमखास मिळते. पाटलाने तळे खोदले. कितीही खोल गेले तरी पाणी लागेना. जाणत्याने सांगितले की धाकट्या सुनेचा बळी द्यावा लागेल. सून नवी साडी नेसून, ओटी भरून तळ्यात उतरली. पहिल्या पायरीला पाणी घोट्याला लागले, मग गुडघ्याला, मग कमरेला, आणि शेवटी तळे काठोकाठ भरले. हीच गोष्ट कानडी मुलखात गाण्यातून सांगतात. तेलुगूत अनंतपूरकडच्या मुसलम्माची कथा याच घराण्यातली. तीन भाषांच्या सीमेवर आयुष्य गेल्यामुळे मी ती तिन्हीकडून ऐकली आहे.

दोनेक वर्षांपूर्वी नववीच्या वर्गावर शिक्षक नव्हते म्हणून मी जाऊन बसलो आणि ही गोष्ट सांगितली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, तिला कुणी विचारलं होतं का?" वर्ग हसला. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर आला आणि अजून गेलेला नाही. कारण त्या आधीच्याच महिन्यात मी हैदराबादेत धाकट्या भावाकडे राहून आलो होतो.

हैदराबाद आम्हा सीमेवरच्या माणसांना परके नाही. आजोबांच्या पिढीची ती राजधानीच. आजही आमच्याकडचा माणूस जास्त आजारी पडला की औरंगाबाद किंवा पुण्याआधी हैदराबादचे नाव निघते. माझा भाऊ तिथे गेला तो मात्र नोकरीसाठी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि पाटणचेरूच्या बाजूला एका औषध कारखान्यात लागला. गोळ्या-कॅप्सूल बांधण्याचा हा कारखाना नव्हे. गोळीच्या आत जे खरे औषध असते ती भुकटी तिथे तयार होते. त्याला तिकडे 'बल्क ड्रग' म्हणतात.

त्याच्या नोकरीमागे एक जुनी कथा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. 1992 साली तो कॉलेजात असताना विषमज्वराने पडला. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्या काळचे नेहमीचे औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, सुरू केले. आठ दिवस झाले तरी ताप हटेना. त्या वर्षांत देशभर या औषधाला न जुमानणारा विषमज्वर पसरला होता, हे मी नंतर वाचले. डॉक्टरांनी मग सिप्रोफ्लोक्सासिन नावाचे, तेव्हा नवलाईचे, औषध लिहून दिले. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. आईने त्या गोळ्यांचे रिकामे पाकीट देवघरात ठेवले होते, ते मी स्वतः पाहिले आहे.

आमच्यासारख्या घराला ते औषध परवडले, यालाही कारण आहे. 1961 साली स्थापन झालेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीने सोव्हिएत मदतीने हैदराबादेत कारखाना उभा केला. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर हक्क दिला. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. त्या सरकारी कारखान्यात शिकून तयार झालेली माणसे बाहेर पडली आणि हैदराबादच्या भोवती शेकड्यांनी कारखाने निघाले. मेडक जिल्हा मागास होता, म्हणून उद्योगांना सवलती मिळाल्या. 1980 साली इंदिरा गांधी तिथूनच लोकसभेवर गेल्या. पाटणचेरू, बोलारम, पाशमैलारम ही नावे जगाच्या औषधांच्या नकाशावर गेली. आपल्या देशातल्याच नव्हे, आफ्रिकेतल्या गरिबाच्या उशाशीही स्वस्त औषध पोचले. हा पराक्रम लहान नाही, आणि त्याला नावे ठेवण्याचा हक्क निदान माझ्या घराला तरी नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. एक किलो भुकटी बनवताना कित्येक किलो टाकाऊ द्रव निघतो. त्यात द्रावके असतात, क्षार असतात आणि उरलेसुरले औषधही असते. ते पाणी वर्षानुवर्षे नाल्यात, ओढ्यात, तळ्यात गेले. इसकावागू आणि नक्कावागू हे तिथले ओढे. विहिरींचे पाणी रंगले, भाताची शेते करपली, मासे मेले, जनावरांनी ओढ्याला तोंड लावणे सोडले. पाटणचेरूत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. किशन राव यांना येणाऱ्या रुग्णांमध्ये काहीतरी वेगळे घडताना दिसले आणि त्यांनी आयुष्य या लढ्याला वाहिले. 1990 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांकडून नुकसानीची पाहणी करवली आणि शेतकऱ्यांना भरपाई द्यायला लावली. पुढे ते उच्च न्यायालयात आणि तिथून हरित लवादाकडे गेले. या साऱ्यात पाव शतकाहून अधिक काळ गेला. ज्याच्या शेतात दावा सुरू होताना भात होता, त्याच्या नातवाने निकाल ऐकला असेल.

मधल्या काळात, 1994 साली, सगळ्या कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र पाटणचेरूत सुरू झाले. सगळ्यांना वाटले, सुटला प्रश्न. 2007 साली स्वीडनमधील योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे शुद्ध केलेल्या, पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे 90 कारखान्यांचे पाणी तिथे येत होते. एका लिटरमध्ये 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सासिन सापडले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तात असते त्याहून हे प्रमाण जास्त होते. संशोधकांच्या हिशेबाने दिवसाला सुमारे 45 किलो औषध त्या पाण्यातून वाहून जात होते. नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला ते पाच दिवस पुरले असते. 2009 च्या त्यांच्या पुढच्या लेखात आसपासच्या तळ्यांत आणि गावांच्या विहिरींतही औषधे आढळल्याचे आले.

सिप्रोफ्लोक्सासिन! हे नाव वाचले तेव्हा मला देवघरातले ते पाकीट आठवले. माझा भाऊ ज्याने वाचला, तेच कुणाच्या तरी विहिरीत होते.

जंतुनाशक औषध पाण्यात सतत राहिले की दुबळे जंतू मरतात आणि त्याला पुरून उरणारे जगतात. तेच वाढतात, आणि आपली युक्ती शेजारच्या जंतूंनाही देतात. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता. जगभरात 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट 12 लाख 70 हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्याला सगळे कारखानेच जबाबदार नाहीत, हेही लगेच सांगितले पाहिजे. मी स्वतः दुकानातून विचारून गोळ्या आणल्या आहेत आणि बरे वाटताच तिसऱ्या दिवशी सोडून दिल्या आहेत. मुख्याध्यापक असून! तेव्हा बोट दाखवताना उरलेली तीन बोटे कुठे वळतात याची मला कल्पना आहे.

तर त्या मुक्कामात मी भावाला हे सगळे विचारले. रात्रीचे जेवण झाले होते, आई आत झोपली होती.

तो म्हणाला, "दादा, तू वाचतोस ते जुनं आहे. आमच्याकडे आता पाण्याचा थेंब बाहेर सोडत नाहीत. आटवतात, मीठ वेगळं काढतात, पाणी पुन्हा वापरतात. आणि सगळे कारखाने बंद केले तर काय होईल, सांग. ते काम चीनला जाईल. तिथल्या ओढ्याचं काय? आणि गोळी महाग झाली तर मरणार कोण?"

मी म्हणालो, "तुमच्या कारखान्याचं मी बोलत नाही. पण त्या गावातल्या माणसाचं काय?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "1992 साली मी मेलो असतो तर तू हा प्रश्न विचारला असतास का?"

याला उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर अजून नीट नाही. एम.ए.ला आम्हाला नीतिशास्त्राचा एक पेपर होता. अधिकांचे अधिक सुख हे सूत्र त्यात शिकलो. त्या हिशेबाने पाटणचेरूचा निकाल दोन ओळींत लागतो. कोट्यवधी वाचले, काही गावे नासली. बेरीज आपल्या बाजूची. पाटलाचाही हिशेब हाच होता. एक सून, आणि सबंध गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाणी. गणित चुकलेले नाही. चूक त्याच्या आधी झाली आहे. बेरीज करणारा आणि वजा होणारा ही दोन वेगळी माणसे आहेत, आणि वजा होणाऱ्याला त्या बैठकीत जागाच नव्हती. माझ्या विद्यार्थिनीने तेवढेच विचारले होते.

शिवाय त्या गोष्टीत आणि इथे एक मोठा फरक आहे. तळ्याला खरोखरच बळी हवा होता असे कथा तरी सांगते. इथे तसे काही नव्हते. औषधही मिळाले असते आणि ओढाही राहिला असता, फक्त पाणी शुद्ध करण्याचा खर्च कुणीतरी उचलायला हवा होता. कारखानदाराने तो वाचवला, मोठ्या खरेदीदारांनी भाव पाडताना त्याची चौकशी केली नाही, आणि सरकारने डोळे मिटले. 2020 च्या जानेवारीत आपल्या पर्यावरण मंत्रालयाने सांडपाण्यात कोणते जंतुनाशक किती चालेल याच्या मर्यादांचा मसुदा काढला होता. 2021 च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे याविषयीचे मार्गदर्शन 2024 च्या सप्टेंबरात आले, तेही फक्त मार्गदर्शन. मधल्या काळात पाटणचेरूचे शुद्ध केलेले पाणी सुमारे 18 किलोमीटरच्या वाहिनीने हैदराबादच्या सांडपाण्यात मिसळून अंबरपेटकडे नेण्यात आले. म्हणजे मांजराचे दुखणे मुसीच्या पदरात!

आणि घेणारे आपण? आपल्याला ठाऊक नव्हते, हे उत्तर 1992 साली खरे होते. उपकाराची जाणीव नसणे हा दोष नव्हे. पण एकदा कळल्यावर तेच उत्तर पुन्हा देता येत नाही. गोष्टीतले गाव निदान दरवर्षी तळ्यावर जाऊन त्या सुनेची ओटी भरते. आम्हाला आमच्या सुनेचे गावही माहीत नव्हते. 30 जून 2025 रोजी पाशमैलारमला औषधांच्या गोळ्यांत पडणारी भुकटी बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार गेले. त्यांतले बरेचसे बिहार, ओडिशासारख्या दूरच्या राज्यांतून आलेले. भाऊ त्या दिवशी सुखरूप होता. मी फोन ठेवला आणि रात्रीची रक्तदाबाची गोळी घेतली. घेतल्यावर ती हातात असतानाच पाहायला हवी होती असे वाटले.

त्या मुक्कामातच आई आजारी पडली होती, हे सांगायचे राहिले. लघवीचा जंतुसंसर्ग. तपासणीचा कागद आला. डाव्या बाजूला औषधांची नावे आणि समोर एकेक इंग्रजी अक्षर. भाऊ तो कागद माझ्यापेक्षा लवकर वाचू शकतो. बोटाने एकेक ओळ उतरत गेला. सिप्रोफ्लोक्सासिनसमोर 'आर' होता, म्हणजे चालणार नाही. वर-खालीही बहुतेक 'आर'च. शेवटी शिरेतून द्यायचे महागडे इंजेक्शन दहा दिवस दिले, तेव्हा ती उठली. हे जंतू कुठून आले ते कुणी सांगू शकत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. भावाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

परतण्यापूर्वी एक दिवस मी एकटाच नक्कावागूच्या काठच्या एका गावी गेलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ओट्यावर बसवले. मागे विहीर होती, तिच्यावर काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या. तो दखनी बोलत होता, मी मोडकी हिंदी. त्याने विचारले, कुठले? मी म्हणालो, बिलोलीकडचा, मांजरा नदीच्या काठचा.

ही मांजरा आमच्या बीड जिल्ह्यात गौखाडीजवळ उगम पावते, लातूर आणि बीदरवरून तेलंगणात शिरते, हैदराबादला पिण्याचे पाणी देते, नक्कावागूला पोटात घेते, निजामसागरात थांबते आणि उत्तरेला वळून पुन्हा आमच्या नांदेड जिल्ह्याच्या कडेने गोदावरीला मिळायला जाते. मध्ये एवढे अंतर आणि एवढे मोठे धरण आहे, तेव्हा आमच्या पाण्यात त्यांचे विष आहे असे मी म्हणत नाही. म्हातारा मात्र बोट नदीच्या दिशेने फिरवत हिशेब लावत होता.

"तो फिर हमाराइच पानी आता आप के पास," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. सुनेने चहा आणला. आत कोपऱ्यात वीस लिटरचा निळा जार होता. चहाचे पाणी त्यातलेच होते, विकतचे.