रिकामा रस्ता कोणाला बघवतो?

जून २०२५च्या अखेरीस इंदूर-देवास रस्त्यावर अर्जुन बडोद्यापाशी जे झाले ते वाचकांना आठवत असेल. पुलाचे काम चालू, वाहतूक बाजूच्या कच्च्या रस्त्यावर वळवलेली, त्यात पाऊस आला आणि मैलोन् मैल गाड्या तीस तासांहून अधिक काळ अडकून पडल्या. त्या कोंडीत तिघे दगावल्याच्या बातम्या आल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले तेव्हा महामार्ग प्राधिकरणाच्या वकिलांनी उलट विचारले, की काम नसताना लोक इतक्या लवकर घराबाहेर पडतातच कशाला? पुढे प्राधिकरणाने ‘हे आमचे म्हणणे नव्हे’ म्हणून हात झटकले. मला मात्र त्या प्रश्नाचे कौतुक वाटते. सगळ्या नियोजनशास्त्राचा गाभा त्यात आला: रस्ता निर्दोष आहे, माणसेच मध्ये येतात.

इंदूरच्या राजेंद्र नगरात मराठी माणसे बरीच. साहजिकच उपाय सुचवणारेही बरेच. आमचे एक निवृत्त अभियंता स्नेही तेव्हापासून एकच सिद्धांत सांगत फिरतात. राऊपासून देवासपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना शेतांमधून जुन्या गाडवाटा, कांकडावरचे, म्हणजे गावशिवेवरचे, रस्ते ‘नुसते पडून आहेत’. मुरूम टाका, डांबर टाका, एकमेकींना जोडा. आणीबाणीत रुग्णवाहिकेला वाट, एरवी पर्यायी रस्ता. भूसंपादन नको, मोबदला नको. पश्चिम रिंग रोडच्या जमिनींवरून शेतकरी रस्त्यावर उतरलेले असताना हे ऐकायला गोडच वाटते. गेल्या महिन्यात एका व्याख्यानात त्यांनी हे नकाशासह मांडले आणि टाळ्या घेतल्या. हा लेख त्या टाळ्यांवर आहे.

‘पडून आहेत’ हे ठरवले कोणी? साहेब रविवारी सकाळी मोटारीतून हिंडले, वाटेवर कुत्रेसुद्धा दिसले नाही, म्हणून वाट बेवारस. पेरणी आणि काढणी यांच्या मधल्या रविवारी शेतरस्त्यावर कोण असणार? बिजलपूर, राऊ, रंगवासा या पट्ट्यात बटाटा निघतो तेव्हा याच वाटांनी ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात आणि चोइथराम मंडीकडे लागतात. वर्षातले काही आठवडेच वापर होतो म्हणून रस्ता निरुपयोगी ठरत असेल, तर लग्नाची कार्यालये आधी ताब्यात घ्यावीत.

दुसरी गोष्ट मातीची. माळव्याची काळी माती पाऊस पडला की फुगते, उन्हात भेगाळते, आणि वर केलेला पातळ रस्ता दोन पावसाळ्यांत कुरतडून टाकते. कोंडी झाली ती जूनअखेरीला. त्या आठवड्यात साहेबांच्या गाडवाटेवर रुग्णवाहिका घातली असती, तर तिला ओढायला ट्रॅक्टर लागला असता.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझा विजय स्वच्छ होता. पण मध्ये पॅट्रिक गेडेस आले.

हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने त्यांना इंदूरच्या नगररचनेसाठी बोलावले आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. पुढच्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, आपले गो. स. घुर्ये तिथे त्यांच्या हाताखाली शिकले. त्या काळच्या अभियंत्यांची रीत एकच होती: नकाशावर पट्टी ठेवायची, सरळ रेघ मारायची आणि रेघेखाली येईल ते पाडायचे. गेडेस आधी गल्ल्यांतून पायी हिंडत. जुनी वाट वाकडी का आहे, विहीर कुठे, झाड कुठे, लोक बसतात कुठे, हे पाहून मग एखादी पडकी भिंत काढायची, एखादा अडथळा दूर करायचा, बाकी गल्ली जगू द्यायची.

दिवाळी अंकात त्यांची दिवाळी सांगितल्याशिवाय पुढे कसे जायचे? शहरात प्लेगची दहशत होती. गेडेसनी एका दिवसापुरता राजाचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की यंदाची मिरवणूक हिंदूंच्या नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नाही. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे झाडूनपुसून दुरुस्त झाली असतील, त्या रस्त्याने जाईल. सारे शहर झाडू घेऊन कामाला लागले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, लक्ष्मी होती आणि शुभ्र कपड्यांतले, हार घातलेले सफाई कामगार होते. शेवटी प्लेगच्या उंदराचे दहन झाले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली. स्वच्छतेत देशात पहिला नंबर आल्याची पाटी मिरवणाऱ्या इंदुरात गेडेसच्या नावाचा एखादा चौक असता, तर मी तिथे रोज फूल वाहिले असते.

अडचण अशी, की हे गेडेस आमच्या अभियंता साहेबांच्या बाजूने साक्ष देतात. आहे ती वाट वापरा, पाडापाडी टाळा, थोडक्यात भागवा: व्याख्यानातला युक्तिवाद याहून वेगळा काय होता? आता मला शेतरस्त्यांना नुसता नकार देता येत नाही. किंबहुना रुग्णवाहिकेसाठी त्या वाटा खुल्या असाव्यात, हे मला मान्यच करावे लागते.

मान्य नाही ते ‘एरवी पर्यायी रस्ता’. रिकामा असतो तोवरच रस्ता आणीबाणीचा. डांबर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचा नकाशा ती वाट हजारो गाड्यांना दाखवणार. रस्ता वाढवला की गर्दीही वाढते, हे अँथनी डाउन्स १९६२ सालीच सांगून गेले. मग पुढच्या कोंडीत साहेबांचा पर्यायी रस्ताही तुंबलेला असेल, आणि दुतर्फा ढाबे, गोदामे, प्लॉट विकण्याचे फलक.

रिकामी वाट हे शहर किती सोसते, ते राजीव गांधी चौकापासून पाहिले आहेच. तिथून निरंजनपूरपर्यंत साडेअकरा किलोमीटर बीआरटीएसची मार्गिका २०१३ पासून बससाठी राखलेली होती. रुग्णवाहिकांनाही तिचा उपयोग होई. शेजारी ताटकळणाऱ्या मोटारवाल्यांना ते रिकामेपण डोळ्यांत खुपले. अखेर २०२४ साली मुख्यमंत्र्यांनी मार्गिका काढण्याचे जाहीर केले आणि २०२५च्या फेब्रुवारीत न्यायालयानेही वाट मोकळी केली. ऐन शहरात, रेलिंग लावून, पोलीस ठेवून जे राखता आले नाही, ते कांकडावर कोण राखणार?

उत्तर एकच सुचते: शेतकरीच. ट्रॅक्टरपुरती वाट मोकळी राहावी, यात त्याच्याइतकी गरज दुसऱ्या कोणालाच नाही. फक्त त्याचा हक्क कागदावर हवा. मध्य प्रदेशच्या १९५९च्या भू-राजस्व संहितेत कलम १३१ आहे. रूढ वहिवाटीच्या रस्त्याचा वाद तहसीलदाराने त्याखाली मिटवायचा असतो. महाराष्ट्राने २०२५ साली शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त घ्यायचे ठरवले. तिकडे जुन्या गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने दाखवतात, रुंदी निदान साडेसोळा फूट, म्हणजे गुंठ्याच्या तेहतीस फुटी साखळीची अर्धी. रुग्णवाहिकेला तेवढी पुरून उरते. खाली जाड मुरूम, ओढ्यावर नळ्या, तोंडाशी फाटक, एक किल्ली गावात आणि एक पोलीस ठाण्यात. डांबर अजिबात नको. गुळगुळीत झाली की ती शेतकऱ्याची राहत नाही.

साहेबांनी पुढच्या व्याख्यानाआधी एवढेच करावे: पटवाऱ्याकडून नकाशा घ्यावा, मोटार घरी ठेवावी आणि बटाटा निघण्याच्या दिवसांत एक वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालून यावी. ट्रॉली आली तर बाजूला उभे राहावे लागेल.