दाखविणाऱ्याचा धर्म

लखनौस बदलून आलो त्या वर्षी एका सहकाऱ्याने आम्हांस गोमतीकाठचे विद्यापीठाचे मैदान मुद्दाम दाखविले. १९५२ च्या ऑक्टोबरात भारत आणि पाकिस्तान यांचा कसोटी सामना तागाच्या चटईवर येथे झाला. हजारे, मंकड, अधिकारी, तिघेही त्यात नव्हते. फझल महमूदने १२ बळी घेतले, आपले डाव १०६ व १८२ धावांत आटोपले, आणि पाकिस्तानने एक डाव व ४३ धावांनी आपला पहिला कसोटी विजय मिळविला. नझर महंमद सलामीस येऊन १२४ धावांवर नाबाद राहिला. सामन्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत हा गृहस्थ मैदानावरच होता! हे सारे आम्हांस ठाऊक आहे ते आकड्यांवरून. हरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय उमटले, हे घरी बसलेल्या माणसास दिसण्याची सोय नव्हती, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नाही.

२९ ऑक्टोबर २०२३ रोजी याच शहरात, गोमतीनगरच्या विस्तारातील एकाना मैदानावर, भारताने इंग्लंडला १०० धावांनी हरविले. तेव्हा प्रत्येक बळीबरोबर फलंदाजाची मान किती झुकली, हेही आम्ही घरबसल्या पाहिले. विश्वचषकाच्या त्या हंगामात आमचा एक भाचा मुक्कामास होता. खेळांचे प्रक्षेपण करणाऱ्या एका मोठ्या संस्थेत तो नोकरीस आहे. रात्री एक वाजता तो जेवावयास बसला. घरातून पिठले पुन्हा गरम होऊन आले. आम्ही कौतुकाने सामन्याविषयी विचारले, तर म्हणाला, "मामा, मी सामना पाहिलाच नाही."

त्याचे काम मैदानाबाहेर उभ्या केलेल्या गाडीत चालते. समोर पडदे, कानांवर दिग्दर्शकाचा आवाज, आणि नेमून दिलेल्या कॅमेऱ्यांची चित्रे. चेंडू पडला की त्यातला उपयोगी क्षण शोधावयाचा, मागे न्यावयाचा, मंद गतीने दाखविण्यास सिद्ध ठेवावयाचा, तोच पुढचा चेंडू. टाळ्या त्याला ऐकू येतात त्या यंत्रातून.

बोलता बोलता त्याने मागची एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या एका शहरातल्या सामन्यात, आपला संघ हरत असता, प्रेक्षकांत एक वृद्ध गृहस्थ रडत असलेले त्याच्या पडद्यावर दिसले. त्याने तो तुकडा पुढे केला. तो पुन्हा पुन्हा दाखविला गेला. कानांत शाबासकीही मिळाली. "पण मामा, ते सामन्यासाठीच रडत होते कशावरून?"

या प्रश्नाने आमची झोप गेली. १९३८ साली इंग्लंडात चाललेल्या कसोटी सामन्यांचे वर्णन ऑस्ट्रेलियातले निवेदक घरच्याच स्टुडिओत बसून, तारांवरून करीत, आणि बॅटीच्या आवाजासाठी पेन्सिल लाकडावर आपटीत. आवाज बनावट, पण धावसंख्या खरी. भाच्याचे नेमके उलट झाले होते. चित्र अगदी खरे होते, आणि तरीही त्यातून निघालेला अर्थ कदाचित खोटा होता. शिवाय निवेदक 'एक प्रेक्षक रडत आहे' असे म्हणतो तेव्हा शब्द त्या माणसावर पांघरूण घालतात. चित्र त्याला उघडे करते, आणि त्याच्या गल्लीतही ओळखू येईल असे करते.

दोष कोणाचा म्हणावा? कॅमेरेवाल्याने टिपले, भाच्याने पुढे केले, दिग्दर्शकाने घेतले, आणि आम्ही हळहळत पाहिले. सरकारी नोकरीत केस पिकलेल्या वाचकांस ही वाटणी अनोळखी नाही. कारकून टिपण लिहितो, वरचा सही करतो, त्याच्या वरचा 'पाहिले' म्हणतो. ज्याचे नुकसान होते त्याला मात्र भांडावयास माणूस सापडत नाही. म्हणून 'मी तर फक्त तुकडा पुढे केला' हा बचाव आम्हांस पटत नाही. पहिला वाटा निवडणाऱ्याचा, कारण निवडण्यापूर्वी त्याच्याजवळ इतर चित्रे होती. मग त्याने मैदानावरचे अश्रू दाखवूच नयेत काय? तसेही आम्हांस म्हणवत नाही. खेळाडू पाहिला जाण्यासाठीच मैदानात उतरतो. तो वृद्ध फक्त पाहावयास आला होता.

आम्हीही भाच्याला एक गोष्ट सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका हाताखालच्या माणसाच्या गोपनीय अहवालात आम्ही लिहिले होते, 'कामात लक्ष नाही.' वाक्य खरे होते. त्याची बायको त्या वर्षी अंथरुणास खिळली होती, हे आम्हांस नंतर कळले. अहवाल तोवर वर गेला होता, आणि तो दुरुस्त करण्याची खटपट आम्ही केली नाही.

भाचा काही बोलला नाही. पहाटे पुढच्या गावी निघावयाचे म्हणून त्याने रात्रीच सामान बांधून ठेवले होते. दाराशी बूट घालताना त्याने विचारले, "मामा, त्या माणसाला तुम्ही पुढे कधी भेटलात?"

"नाही," आम्ही म्हणालो, आणि त्याची पिशवी उचलून जिन्याने खाली गेलो.